गळलेले आणि उपटलेले

मोरपिसाला आपल्याकडे जेवढा मान आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही पिसाच्या वाट्याला आलेला नाही. कृष्णाच्या मुकुटात ते आहे, वासुदेवाची तर टोपीच त्याची, पोळ्याला बैलाच्या मस्तकी ते डुलते आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या वह्यांतही ते दडलेले असते. वहीत जपले की पिसाला पिल्लू होते, हा मुलांचा समज मी मोडीत नाही. ‘हे तुझ्याकडे आले कसे?’ एवढे मात्र विचारतो. प्रश्न साधा आहे. परंतु मोठ्यांनाही तो टाळता येऊ नये, असे मला वाटते.

निसर्गाने तर या बाबतीत कोणाला क्रूर होण्याची गरजच ठेवलेली नाही. विणीचा हंगाम सरला, की मोराच्या पिसाऱ्यातली १५० ते २०० लांब पिसे आपोआप झडू लागतात. वाशीमच्या शिवारात पावसाळा उतरणीला लागला, की तुरीच्या तासांत, नाल्याच्या काठी ती पडलेली सापडतात. दिवाळीच्या सुमारास दिसणारा मोर बहुधा बोडकाच असतो; पुढे त्याला नवा पिसारा फुटतो.

१९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी केली. आमच्या जिल्ह्यातले कारंजा-सोहोळचे अभयारण्य काळविटांसाठी राखलेले आहे. मोराला मात्र हे संरक्षण कोणाच्याही शेतात लाभते. तरीही मोरपिसांच्या देशांतर्गत विक्रीला त्याच कायद्याने मोकळीक ठेवली. गळलेले पीस उचलणाऱ्याला गुन्हेगार कसे ठरवावे? पण बाजारातल्या जुडीत गळलेले आणि उपटलेले शेजारी शेजारी बसतात. उपटलेल्याच्या देठाशी रक्ताची खूण राहू शकते. देठ छाटला, की तीही जाते.

येथे घेणारा म्हणतो, “मी कोठे मोर मारला? मी तर पैसे मोजले.” हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. गळलेली पिसे एकेक सापडतात. कोणी चिखलाने माखलेले, कोणी टोकाला झिजलेले. आपल्याला हवी असते ती सारख्या लांबीची, लखलखीत जुडी, आणि तीही हव्या त्या दिवशी. मोराच्या अंगाला आपले पंचांग ठाऊक नसते. आपली घाई जेव्हा त्याच्या ऋतूला मागे टाकते, तेव्हा मधले अंतर कोणीतरी हाताने ओढून भरून काढतो. तो हात आपला नसेल. घाई आपलीच असते.

मोर आपल्याला दान देतो, असेही मी म्हणणार नाही. त्याला नको झालेले तो टाकतो, आपण ते घेतो. या घेण्यात पुण्य नाही, पण कोणाची वेदनाही नाही. जगातली पुष्कळशी सुंदर वस्तू अशी घेता येते. अट एकच, तिची वेळ येईपर्यंत थांबता आले पाहिजे. म्हणून बांधावर सापडलेले, मातीने मळलेले एक पीस मला कोऱ्या करकरीत जुडीपेक्षा अधिक शुभ वाटते. देवापुढे ठेवताना त्याचा इतिहास लपवावा लागत नाही.