निकाल ठाऊक नसलेला काळ : इतिहासाच्या तासातील ज्ञानाचा प्रश्न

शालेय इतिहासाच्या अध्यापनात ‘उपक्रम’ ही गोष्ट आता इतकी रुळली आहे की तिच्यामागचा तात्त्विक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ऐकणे आणि पाठ करणे एवढ्यावर न थांबता विद्यार्थ्याने स्वतः काही करून शिकावे, अशी योजना म्हणजे उपक्रम. आणि ज्या विचारावर ती उभी आहे त्याला शिक्षणशास्त्रात ज्ञानरचनावाद म्हणतात, म्हणजे ज्ञान शिक्षकाने द्यायचे व मुलाने घ्यायचे नसून प्रत्येक मूल ते आपल्या अनुभवातून रचत जाते, असे मानणारा विचार. सातारा तालुक्यातील कुमठे बीटाच्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळागटाच्या, जिल्हा परिषद शाळांनी हा विचार प्राथमिक वर्गांत प्रत्यक्ष उतरवून दाखवला, तो पाहण्यासाठी राज्यभरातील शिक्षक तेथे येऊ लागले, आणि २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने अशा प्रयत्नांना सर्वत्र चालना दिली. मात्र मणी मोजून दशकाची कल्पना रचता येते ती मणी समोर असतात म्हणून. १६५९ सालचे जावळीचे खोरे वर्गात समोर नसते. जे अनुभवाच्या कक्षेतून कायमचे निघून गेले त्याचे ज्ञान मुलाने अनुभवातून रचायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि असे करताना मूल भूतकाळाऐवजी स्वतःची किंवा शिक्षकाची इच्छाच रचत नाही याची खात्री कशी द्यायची, हा या विषयाचा गाभ्याचा प्रश्न आहे.

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न प्रमाणविचाराच्या अंगाने फार पूर्वी हाताळला होता. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द यांच्या जोडीला पौराणिकांनी ऐतिह्य हेही एक प्रमाण मानले. ऐतिह्य म्हणजे परंपरेने चालत आलेले असे कथन की ज्याचा मूळ सांगणारा कोण हे कोणालाच सांगता येत नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, त्याला स्वतंत्र स्थान नाकारले आणि त्याचा समावेश शब्दप्रमाणातच केला, परंतु शब्द प्रमाण ठरण्यासाठी तो आप्ताचा असावा लागतो ही अट त्यांनी घातली. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी या व्याख्येला जोडून केलेले विधान विशेष मोलाचे आहे : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. साक्षीदाराचे कूळ किंवा धर्म त्याच्या साक्षीचे वजन ठरवत नाही. त्याने काय पाहिले आणि तो ते कितपत प्रामाणिकपणे सांगतो, एवढेच ते ठरवते. इतिहासाच्या कोणत्याही चांगल्या उपक्रमाचा पाया याहून नेमक्या शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ऐकीव परंपरा आणि आप्ताची साक्ष यांतला हा भेद शिकवण्याची संधी घराघरात आहे. सांगलीचा बराचसा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्याची स्मृती दोघांची सामाईक आहे. ३ सप्टेंबर १९४२ चा तासगावचा मोर्चा, ९ सप्टेंबरचा वडूजचा गोळीबार ज्यात वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती हुतात्मा झाले, दुसऱ्याच दिवशीचा इस्लामपूरचा गोळीबार, आणि त्यानंतर येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार या घटनांविषयी वाळवा, पलूस, खटाव या भागांतील बहुतेक कुटुंबांत काही ना काही सांगितले जाते. प्रतिसरकार म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर अशी लोकांची शासनव्यवस्था; तिची न्यायदान मंडळे होती, कुंडलला तळ असलेली तुफान सेना होती, आणि कमी खर्चाचे विवाह लावण्याचा सामाजिक कार्यक्रमही होता. याच सरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणत, आणि फितुरांच्या पायांना घोड्याच्या नालासारखी लोखंडी पत्री ठोकली जाई असे आजही सांगितले जाते. चळवळीतील कार्यकर्त्यांनी मात्र ती शिक्षा तळपायांवर काठीने मारण्याची होती असे सांगून ठेवले आहे.

आठवीच्या वर्गाने ही दोन कथने घेऊन आपापल्या गावात जावे, ज्यांच्याकडून जे ऐकू येईल ते लिहावे, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘स्वतः पाहिले’, ‘पाहणाऱ्याकडून ऐकले’ किंवा ‘असे म्हणतात’ यांपैकी एक नोंद करावी, एवढा साधा उपक्रम ऐतिह्य आणि आप्तवाक्य यांतील भेद मुलांना कायमचा समजावू शकतो. पत्रीची गोष्ट बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात जाईल. ती तेथे गेली म्हणून खोटी ठरत नाही, आणि हेही मुलांना कळले पाहिजे. ती फक्त अजून सिद्ध झालेली नसते, आणि ती इतकी का पसरली हा स्वतंत्र, कदाचित अधिक रोचक, प्रश्न होतो.

साक्ष तपासणे हा इतिहासज्ञानाचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक कठीण आहे, आणि शाळांतील सर्वात लोकप्रिय उपक्रम, म्हणजे नाट्यीकरण, नेमका तेथेच येतो. इंग्लिश तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड यांचा ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात त्यांनी असे प्रतिपादन केले की भूतकाळाचे ज्ञान म्हणजे तत्कालीन माणसाच्या विचाराची इतिहासकाराने स्वतःच्या मनात केलेली पुनर्घडण होय. त्यांनी येथे एक मर्यादा आखली आहे : संवेदना आणि भावना त्या क्षणाबरोबरच संपतात, त्या पुन्हा घडवता येत नाहीत; विचार मात्र घडवता येतो, कारण तीच परिस्थिती, तीच माहिती आणि तोच पेच समोर ठेवला तर तोच युक्तिवाद पुन्हा करून पाहता येतो. या कसोटीवर स्नेहसंमेलनातील प्रतापगडाचा, म्हणजे शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या भेटीचा, प्रसंग फारसा टिकत नाही. पुठ्ठ्याची वाघनखे, खानाची दाढी आणि प्रेक्षकांच्या टाळ्या यांत शरीराची हालचाल पुन्हा घडते, आवेशही उसना आणता येतो, पण १० नोव्हेंबर १६५९ च्या सकाळी कोणालाच जे ठाऊक नव्हते ते रंगमंचावरील प्रत्येक मुलाला ठाऊक असते : निकाल. निकाल ठाऊक असलेल्याला निर्णय घ्यावा लागत नाही, आणि जेथे निर्णय नाही तेथे पुनर्घडण करण्याजोगा विचारही उरत नाही.

याच घटनेतील दुसरा प्रसंग वर्गासाठी कितीतरी अधिक सुपीक आहे. अफजलखान शिवाजी महाराजांविरुद्धच्या मोहिमेवर निघाला तेव्हा विजापूरच्या दरबारातून मावळातील देशमुखांना त्याला सामील होण्याचे हुकूम सुटले. जून १६५९ चे असे फर्मान भोर खोऱ्यातील कारीच्या कान्होजी जेधे यांना आले. खान या मुलखाला नवखा नव्हता, वाईचा प्रदेश पूर्वी त्याच्याच कारभारात होता. एका बाजूला बादशाही फौज आणि पिढ्यांचे वतन, दुसऱ्या बाजूला तिशीही न गाठलेला एक तरुण आणि त्याचे मोजके गड. उतरवळीच्या खंडोजी खोपड्यांनी खानाची बाजू घेतली. कान्होजींनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची. शिक्षकाने वर्गाला फर्मानाचा आशय सांगावा, जून महिन्यात कारीच्या देशमुखाला जेवढे ठाऊक असणे शक्य होते तेवढेच सांगावे, नोव्हेंबरची वार्ता कटाक्षाने बाहेर ठेवावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपला निर्णय कारणांसह लिहायला लावावा. काही मुले खोपड्यांच्या बाजूने जातील, आणि त्यात गैर काहीच नाही. किंबहुना एकही मूल तसे गेले नाही तर निकाल कोठून तरी वर्गात शिरला आहे असे समजावे. कान्होजींच्या निर्णयाची थोरवी कळायची असेल तर तो चुकू शकला असता हे आधी कळले पाहिजे. पुढच्या तासाला मग हेही विचारावे की ही हकिकत आपल्याला मुख्यतः ‘जेधे करीना’तून, म्हणजे त्याच घराण्याच्या वृत्तांतातून कळते, तर त्या साक्षीला किती वजन द्यावे.

नाट्यीकरणाचा प्रश्न ज्ञानापुरता राहत नाही, तो नीतीचाही आहे. २००९ च्या गणेशोत्सवात अफजलखानवधाचे चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत दंगल उसळली आणि तिची झळ सांगली, इचलकरंजीपर्यंत पोहोचली. वर्गात खानाची भूमिका वाट्याला येणारे मूल कोण असते, आणि मधल्या सुट्टीत त्याला काय ऐकावे लागते, याचा विचार न करता बसवलेला प्रवेश इतिहास शिकवत नाही, तो वर्गातल्या वर्गात दोन तट पाडतो. महाराजांच्या बरोबरच्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम होता, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता आणि खानाच्या फौजेत मराठे सरदार होते, ही परंपरेतच असलेली माहिती पात्रवाटपाच्या आधी फळ्यावर लिहिली गेली पाहिजे.

याहून नाजूक उदाहरण साताऱ्याचेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढच्या वर्षी वडिलांकडे निघालेला भिवा आणि त्याच्याबरोबरची मुले मसूर स्थानकावर उतरली, त्यांची जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात, अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला तो मुलांनीच गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर, आणि रात्री त्यांना पिण्याचे पाणीही मिळाले नाही. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात स्वतः लिहून ठेवला आहे. न्यायशास्त्राच्या अर्थाने ही आप्ताची साक्ष आहे. मग तिचे नाट्यीकरण करावे काय? करू नये. दलित मुलाला ती तहान पुन्हा अंगावर घ्यायला लावणे हा त्याचा अपमान आहे, आणि सवर्ण मुलाने ती अभिनयाने अनुभवली असे मानणे ही आत्मवंचना. संवेदना पुन्हा घडवता येत नाहीत ही कॉलिंगवुड यांची मर्यादा येथे नैतिक मर्यादा बनते. पुनर्घडण करायचीच तर ती गाडीवाल्याच्या विचाराची करावी. भाडे दुप्पट घेणे त्याला चालले, गाडी मुलांच्या हाती देणे चालले, त्यांच्याशेजारी बसणे मात्र चालले नाही. हा हिशेब त्याच्या मनात कसा जुळला असेल हे विद्यार्थ्यांनी लिहून काढावे. अन्याय ही राक्षसांची करणी नसून सामान्य माणसाच्या सुसंगत वाटणाऱ्या तर्काची करणी असू शकते, हे त्या लेखनातून उमजते, आणि शालेय इतिहासाने यापेक्षा मोठे काही देण्याची अपेक्षा क्वचितच धरता येईल.

प्रतिसरकारच्या भूमीत न्यायसभेचा उपक्रम तर स्थानिक परंपरेतलाच ठरतो. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून ती रक्कम ताब्यात घेतली. ही लूट होती काय? त्या कारवाईतील कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांना उतारवयातही लूट हा शब्द मान्य नव्हता. लोकांचेच धन परत आणले, अशी त्यांची भूमिका होती. सरकारी दप्तरात तो दरोडाच होता. वर्गाने दोन्ही बाजू मांडाव्यात, पण निकाल देण्यापूर्वी न्यायाधीश झालेल्या मुलांनी आपण कोणत्या कायद्याने निवाडा करत आहोत, १९४३ च्या, आजच्या की सदसद्विवेकाच्या, हे आधी जाहीर करावे. मृतांना स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून त्यांचा न्याय करणाऱ्यावर अधिक बंधन येते.

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे : ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते आणि पितृऋण संततीने. इतिहासाचा विद्यार्थी या दोहोंच्या संधीवर उभा असतो, कारण त्याचे अध्ययन पितरांविषयीच असते, आणि त्यांच्याविषयी खरे बोलणे हाच त्याच्या हातून होणारा एकमेव तर्पणविधी आहे. खरे बोलण्यात शंका घेणेही आले. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि चार दशकांनी त्याच्या चुका दाखवणारी टीका लिहिली ती नीळकंठ जनार्दन कीर्तने या महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाने. मराठी इतिहाससंशोधनाचा एक महत्त्वाचा प्रारंभ अशा रीतीने विद्यार्थ्याच्या शंकेतून झाला आहे, ही गोष्ट प्रत्येक इतिहासशिक्षकाने ध्यानात ठेवावी.

दहावीच्या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांवर आणि उपयोजित इतिहासावर स्वतंत्र प्रकरणे आहेत, त्यामुळे अभ्यासक्रमात यासाठी जागा नाही असे म्हणता येत नाही. वेळ मात्र खरोखर कमी उरला आहे. नाना पाटलांच्या कन्या आणि स्वतः चळवळीत उतरलेल्या हौसाताई पाटील २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून ज्यांनी ऐकले, ती पिढीही आता साठी-सत्तरीत आहे, आणि तिच्यानंतर या दोन जिल्ह्यांतील १९४२ ची सारी साक्ष ‘असे म्हणतात’ या रकान्यात जाईल. तासगाव, वडूज आणि इस्लामपूरचे स्मृतिदिन सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ऐन शाळेच्या दिवसांत येतात. त्या पंधरवड्यात फलक रंगवण्याऐवजी प्रत्येक शाळेने सातवी ते नववीच्या मुलांना वही देऊन गावातील वृद्धांकडे पाठवावे, सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि त्याला ते कोणाकडून कळले याची नोंद त्याच्या संमतीने घ्यावी, आणि त्या वह्या शाळेच्या दप्तरात जपून ठेवाव्यात.