नाव विचारणारा कागद

बेलापूरला रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत दोन हजारांच्या नोटा बदलायला गेलेले आमचे शेजारी धुसफुसतच परतले. "नोट खरी, सही गव्हर्नरची, मग ओळखपत्र माझं कशाला?" 19 मे 2023 ला नोट मागे घेतली, रद्द केली नाही, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला खटकलं ते वेगळंच. नोट म्हणजे नाव न विचारणारा कागद. तोच नाव विचारू लागला.

नाव विचारणारा कागद काढत त्या जुन्या पेढ्या. पेशवाईत दीक्षित-पटवर्धनांची, बडोद्यात हरिभक्तींची. भांडवल घराण्याचं, अब्रूही घराण्याचीच. नोटा छापायची त्यांना गरज नव्हती, हुंडी होती. दर्शनी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र बाजाराच्या ओळखीतल्या शहालाच मिळत, म्हणजे चोराला ती पचणं अवघड. हरवली तर पेठ, म्हणजे दुसरी प्रत, लिहून घ्यायची, तीही हरवली तर परपेठ. या सगळ्या खटाटोपाची हुंडावळ पेढी आधीच कापून घेई, हे सांगायला नको.

संत नरसी मेहतांची गोष्ट इथे आठवतेच. टवाळांनी 'हा मोठा सराफ' म्हणून बोट दाखवलं आणि परगावच्या यात्रेकरूंनी त्यांच्याकडे सातशे रुपये मोजून द्वारकेच्या सावळशावर, म्हणजे कृष्णावर, हुंडी लिहून घेतली. ती वठली, यात भक्तांना कृष्णाची लीला दिसते. मला दिसतं ते असं, की परक्या माणसाला सराफ कोण आणि भगत कोण, हे कळायला मार्गच नव्हता.

अर्थतज्ज्ञ फ्रीड्रिश हायेक यांचं म्हणणं मला नेमकं इथेच लंगडं वाटतं. चलनाचा सरकारी मक्ता मोडा, खासगी बँकांना स्पर्धेत आपापलं चलन काढू द्या, चांगलं नाव आपोआप टिकेल, असं त्यांनी 1976 साली मांडलं. पेढीचा अभिमान असलेल्या माझ्यासारख्याला हे फार गोड वाटतं. नाव जाण्याची भीती सरकारपेक्षा घराण्याला जास्त, हेही खरंच. पण वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाड्याने संध्याकाळी हातात पडलेल्या कागदावरच्या घराण्याची चौकशी करायची कुठे? आणि नावाजलेल्यांचं काय होतं? 1840 ची बँक ऑफ बॉम्बे घराण्याची नव्हती, सरकारचाही तिच्यात वाटा होता. तरी कापसाच्या तेजीत शेअरांवर कर्जं वाटून ती 1868 मध्ये बुडाली. तिच्या नोटा तेव्हा लोकांच्या खिशात नव्हत्या, कारण 1861 च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क आधीच सरकारकडे गेला होता. भागधारक रडले, भाजीवाली वाचली.

म्हणजे पेढ्यांची वकिली करायला निघालेला मी रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 31 च्या बाजूला येऊन बसलो. मागताक्षणी धारकाला पैसे देणारी हुंडी किंवा वचनचिठ्ठी इतर कोणी काढू नये, असं ते 1934 चं कलम सांगतं. ठीक आहे. पण मक्ता दिला तो नाव न विचारण्यासाठी. बेलापूरच्या खिडकीवर ओळखपत्र मागायचं असेल, तर शेजाऱ्यांच्या धुसफुशीला मी सामील आहे.