आठ फुटांवरून



या रविवारी आम्ही गोल्फ या खेळाविषयी लिहीत आहोत हे पाहून काहींना हसू येईल. आपल्या खुलताबादेत पोरे क्रिकेट खेळतात, गोल्फ कोणी खेळत नाही. आम्हालाही त्यातले काही कळत नव्हते. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका परिचित कुटुंबाकडे उतरलो होतो. घरचे आजोबा सत्तरी ओलांडलेले, रोज सकाळची मिस्सा चुकवत नसत. एके दिवशी मिस्सेनंतर ते आम्हाला आपल्या गोल्फ क्लबात घेऊन गेले.

लांबचे फटके मारून चेंडू कापलेल्या हिरवळीवर आणायचा आणि तेथून पटर नावाच्या काठीने हलकेच ढकलून भोकात घालायचा. या शेवटच्या भागाला पटिंग म्हणतात. भोक असते सव्वाचार इंच रुंदीचे. अंगणात खळगा करून गोट्या खेळलेल्या कोणालाही वाटेल, यात अवघड ते काय? पण ती हिरवळ डोळ्याला सपाट दिसते आणि चेंडूला मात्र तिचा उतार बरोबर कळतो.

आजोबांचा चेंडू भोकापासून आठेक फुटांवर थांबला होता. त्यांनी नेम धरला, मारला आणि तो कडेने निघून गेला. त्यांनी पटर जमिनीवर आपटला. “इतकी वर्षे खेळतोय, आणि हेसुद्धा जमू नये!” बॅग वाहणारा मुलगा हळूच म्हणाला, “साहेब, इथून भल्याभल्यांचा जात नाही.” आजोबांना ते रुचले नाही. पुढचा अर्धा तास ते कोणाशी बोलले नाहीत, आणि त्या रागात अगदी जवळचे दोन चेंडूही चुकले.

त्या मुलाचे म्हणणे खरे होते, हे आम्हाला नंतर कळले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंच्या असंख्य फटक्यांचा हिशेब मांडून २०१४ साली एक पुस्तक लिहिले. त्यांचा हिशेब असा की, जगातले उत्तम खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्म्या वेळा चुकतात. वीस फुटांवरून त्यांचा चेंडू सातांत एखाद्या वेळी आत जातो. तीन फुटांवरून मात्र ते क्वचितच चुकतात. ज्यांचे पोट या खेळावर चालते त्यांची ही गत, आणि आमचे आजोबा आठ फुटांवरून चुकलो म्हणून स्वतःला शिव्या देत होते.

ही आठवण येण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या धर्मग्रामातील एक बंधू बरेच महिने मिस्सेला दिसले नाहीत. ते आम्हाला रस्त्यात भेटले. तेथे झालेले बोलणे त्यांच्या परवानगीने लिहितो, नाव अर्थातच घेत नाही. गेल्या उपवासकाळात त्यांनी दारू कायमची सोडण्याची शपथ घेतली होती. पास्काच्या सणापर्यंत ती टिकली, पुढे एका लग्नात मोडली. ते म्हणाले, “फादर, दरवेळी तेच पाप घेऊन कोणत्या तोंडाने यायचे? मला माझीच किळस येते.”

ही किळस म्हणजे पश्चात्ताप, असे आपण समजतो. आम्हाला तशी खात्री वाटत नाही. आपल्यासारखा माणूस पडूच कसा शकतो, हा अचंबा त्यात बराच असतो, आणि तो अहंकाराचा सख्खा भाऊ आहे. औरंगाबाद धर्मप्रांताचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिजीवनावरील ग्रंथात एक प्रकरण स्वतःशी सौम्यपणे वागण्यावरच लिहिले आहे. पडलेल्या मनाला चाबूक मारून नव्हे, तर समजूत घालून उठवावे, असे त्यांचे सांगणे. दुबळी वस्तू दुबळी निघाली याचे नवल कसले, असा त्यांचा साधा विचार. संत पौलानेही रोमकरांस लिहिताना कबूल केले आहे की, जे चांगले करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही.

यावर कोणी विचारील, मग काय, चुकणारच म्हणून प्यायला मोकळे? नाही. पुन्हा त्या हिरवळीकडे या. वीस फुटांवर उभा असलेला शहाणा खेळाडू पहिल्याच टोल्यात चेंडू आत जाईल, असे धरून चालत नाही. तो चेंडू भोकाच्या जवळ नेऊन ठेवतो, कारण तीन फुटांवरून तो सहसा चुकत नाही. आमच्या या बंधूंनी वीस फुटांवरून जन्मभराची शपथ मारली होती. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, पगाराच्या दिवशी घरी येताना त्या दुकानापुढचा रस्ता सोडून दुसरीकडून येता येईल का? लग्नाला पत्नीसोबत जाऊन जेवण होताच परतता येईल का? हे तीन फुटांचे काम आहे. आणि तेही एखादे वेळी चुकेल.

अदिती अशोक ही भारताची गोल्फपटू. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये, जागतिक क्रमवारीत २०० वी असूनही, ती शेवटच्या भोकापर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. तेथील तिचा पट थोडक्यात हुकला आणि ती चौथी आली. गोल्फ न कळणारी कितीतरी घरे त्या सकाळी टीव्हीपुढे हळहळली. तीन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा पटर घेऊन हिरवळीवर उभी होती. आम्हाला तिच्या चौथ्या क्रमांकापेक्षा हे अधिक लक्षात राहिले.

गोल्फ क्लबात आणखी एक रीत आम्ही पाहिली. प्रत्येक सभासदाचा ‘हँडिकॅप’, म्हणजे तो कितपत कच्चा आहे याचा आकडा, नोंदलेला असतो. बडा अधिकारी असो की कारखानदार, आकडा उघड असतो, आणि त्याची कोणी लाज बाळगत नाही. त्या आकड्यामुळेच कच्चा आणि पक्का एकत्र खेळू शकतात. आपण मात्र शेजारच्या बाकावरच्या माणसाला आपला आकडा कळू नये म्हणून मंदिरात यायचेच सोडतो.

त्या बंधूंनी अजून उत्तर दिलेले नाही. येत्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी आम्ही नेहमीपेक्षा अर्धा तास आधी पापनिवेदनासाठी बसणार आहोत. मागचे दार उघडे असेल.