परीक्षेचें माप

परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर जो गलबला किंवा जी शांतता पसरते, ती आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. ज्या घरीं आकडा मोठा त्या घरीं पेढे. ज्या घरीं लहान त्या घरचें दार दिवसभर अर्धें लोटलेलें. अध्यापनाच्या व्यवसायांत आमचीं तीस वर्षें गेलीं, व त्यांतील बरींच परीक्षक म्हणूनहि गेलीं. त्यामुळें तो आकडा कसा तयार होतो हें आम्हीं फार जवळून पाहिलें आहे. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, एकच उत्तरसूची, अशा एका मापाच्या परीक्षेनें मुलाची योग्यता ठरविणें न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्हीं पुष्कळ वर्षें टाळला. तो आतां टाळवत नाहीं.

प्रथम परीक्षेच्या बाजूनें जें बोलावयाचें तें मनापासून बोललें पाहिजे. अलीकडे परीक्षेस नांवें ठेवणें हा एक सोपा शिष्टाचार होऊन बसला आहे, आणि तो पाळणारे गृहस्थ आपल्या मुलांस मात्र दोन-दोन क्लासांस घालीत असतात. एका मापाची परीक्षा आपल्याकडे आली ती वशिल्याचा अंमल उठविण्यासाठीं. सनदी नोकरीच्या जागा पूर्वीं कंपनीच्या डायरेक्टरांच्या मर्जीनें वांटल्या जात. १८५३ च्या कायद्यानें त्या स्पर्धेस मोकळ्या केल्या, १८५५ मध्यें पहिली परीक्षा झाली, आणि १८६३ मध्यें सत्येंद्रनाथ टागोर तींत उत्तीर्ण झाले. मर्जीचाच अंमल चालता, तर तें नांव त्या यादींत कधींहि चढतें ना. उत्तरपत्रिकेवर आडनांव नसतें, गांव नसतें, बापाचा हुद्दा नसतो. केवळ एक क्रमांक असतो. ज्या समाजांत आडनांव ऐकतांच समोरच्याची मुद्रा बदलते, त्या समाजांत ह्या आंधळेपणाची किंमत थोडी नाहीं. क्रमांकानें आडनांव झांकलें तरी घर झांकत नाहीं, व ज्या घरांत एकहि पुस्तक नाहीं तेथील मुलगा शर्यतींत चार पावलें मागून सुटतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ती विषमता परीक्षेनें उत्पन्न केलेली नव्हे. तिनें ती चव्हाट्यावर आणिली, एवढेंच.

मग बिघडतें कोठें? ह्याचें उत्तर शोधतांना आम्हांस इंग्लंडच्या शैक्षणिक इतिहासांतील एक प्रकरण वारंवार आठवतें. १८६१ मध्यें तेथील एका राजनियुक्त कमिशननें असा अभिप्राय दिला कीं, गरिबांच्या शाळांत सरकारचा पैसा जातो, पण पुष्कळ मुलांस साधें लिहिणें-वाचणेंहि नीट येत नाहीं. तक्रार खोटी नव्हती. शिक्षणखात्याचे सूत्रधार रॉबर्ट लो ह्यांनीं त्यावर १८६२ मध्यें जो उपाय अंमलांत आणिला, तो व्यापारी मनास लगेच पटणारा होता. शाळेचें अनुदान हजेरी व परीक्षा ह्यांवर ठरावयाचें. दरसाल इन्स्पेक्टर येऊन सहा वर्षांवरील प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व अंकगणित ह्यांत परीक्षा घेणार. तिन्ही विषयांत मूल उतरलें तर शाळेस त्याच्यापोटीं आठ शिलिंग. जितके विषय बुडतील तितके वेळां त्यांतून दोन शिलिंग आठ पेन्स वजा. ही व्यवस्था स्वस्त नसेल तर गुणकारी तरी होईल, व गुणकारी नसेल तर स्वस्त तरी पडेल, असें लोसाहेबांनीं पार्लमेंटांत सांगितलें. पैकीं स्वस्त ती खरोखर झाली. अनुदानाची एकूण रक्कम पहिल्या कांहीं वर्षांतच खालीं आली.

शाळांत काय झालें तें मॅथ्यू आर्नल्ड ह्यांच्या अहवालांत वाचावें. कवि व टीकाकार म्हणून आमच्या पिढीनें त्यांस कॉलेजांत अभ्यासिलें. परंतु पस्तीस वर्षें त्यांनीं पोट भरलें तें शाळांचे इन्स्पेक्टर म्हणून, ही गोष्ट आम्हांस कोणीं आवर्जून सांगितली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, युक्तीनें तयारी करून घेतली तर वाचतां, लिहितां वा हिशेब करतां न येणाऱ्या मुलांसहि ह्या परीक्षेंतून पार नेतां येतें. वर्षभर एकच वाचनपुस्तक घोकून घेतलें कीं मूल इन्स्पेक्टरापुढें घडाघडा म्हणून दाखवी. पुस्तक हातांत असे तें केवळ शोभेला. इतिहास-भूगोलाचे पैसे मिळत नव्हते, म्हणून ते विषय आक्रसले. ही पद्धति पूर्णपणें जावयास १८९७ साल उजाडावें लागलें. मुंबई इलाख्यांतहि शाळांच्या अनुदानास तिचा प्रयोग झाला होता.

येथें दोष प्रश्नपत्रिकेचा नव्हता. वाचन येतें कीं नाहीं हें पाहणें योग्यच होतें. परंतु ज्या क्षणीं त्या पाहण्यावर मास्तरांची भाकर टांगली गेली, त्या क्षणीं मुलाचें वाचन हें शिक्षणाचें फळ न राहतां शाळेच्या उत्पन्नाची बाब झालें. तापमापकावर वैद्याचा पगार ठरूं लागला, तर काच थंड पाण्यांत बुडविण्याचा मोह किती वैद्यांस आवरेल?

हा मोह केवळ जुन्या काळचा आहे असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत २००२ च्या आरंभीं एक कायदा होऊन तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणित ह्यांत दरसाल परीक्षा सक्तीची झाली. २०१४ पर्यंत एकूणएक मूल ठरीव पातळीस पोंचलें पाहिजे असें त्यांत फर्मान होतें, व मागें पडणाऱ्या शाळांस शिक्षा होती. २०११ मध्यें अटलांटा शहराच्या शाळांची सरकारी चौकशी झाली, तेव्हां चव्वेचाळीस शाळांत गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा त्यांत हात असल्याचें निष्पन्न झालें. मुलांच्या चुकलेल्या उत्तरांच्या खुणा पुसून बरोबर खुणा करण्याचें काम खुद्द गुरुजनांनीं केलें होतें. २०१५ मध्यें अकरा जण दोषी ठरले. तीं माणसें मुळांत दुष्ट होतीं असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांतील कित्येकांनीं चांगलें शिकविण्यांतहि आयुष्य घालविलें असेल. त्याच वर्षअखेर तो कायदाहि बदलण्यांत आला.

आपल्याकडे २००९ च्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणासहि नापास करावयाचें नाहीं असें ठरलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवीस व आठवीस नापास करण्याची मुभा राज्यांस पुन्हां मिळाली. वाद चालतो तो पास कीं नापास ह्यावर. परीक्षा कशासाठीं घेतली हें मात्र क्वचित् विचारलें जातें. आल्फ्रेड बिने ह्यांनीं १९०५ मध्यें पॅरिसच्या मुलांकरितां ज्या चांचण्या रचिल्या, त्या कोणास अधिक साह्य द्यावें हें कळावें म्हणून. बुद्धि ही जन्मभर न बदलणारी चीज आहे ह्या मताचा त्यांनीं निषेधच केला. तशा हेतूनें खालच्या वर्गांत परीक्षा खुशाल घ्यावी, तिचा आकडा शिक्षकानें व पालकानें पाहून बाजूस ठेवावा, आणि त्यावर कोणाचा पगार वा शाळेची अब्रू तोलूं नये, असें आमचें मत आहे. जेथें जागा थोड्या व उमेदवार फार, तेथें मात्र एका मापावांचून गत्यंतर आम्हांस दिसत नाहीं.

तरीहि एक गोष्ट सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेववत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका सार्वजनिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका आम्हांकडे तपासावयास होत्या. निबंधाचा विषय होता ‘नदीचे उपयोग’. उत्तरसूचींत मुद्दे सहा: पिण्याचें पाणी, शेती, वीज, दळणवळण, मासेमारी, सृष्टिसौंदर्य. एका विद्यार्थ्यानें पहिले दोन मुद्दे लिहून पुढें लिहिलें होतें कीं, यंदा पुरांत आमची दोन जनावरें व घराची मागची भिंत गेली, म्हणून नदीचा आणखी उपयोग मला सुचत नाहीं. आई मात्र अजून तिला हळदकुंकू वाहते. पुढें अर्धें पान आईविषयीं होतें. त्या गठ्ठ्यांत तेवढेंच एक उत्तर खरोखर कोणीं तरी लिहिलेलें होतें. आम्ही तें नियामकांकडे घेऊन गेलों. त्यांनीं तें दोनदां वाचलें, चष्मा काढून पुसला व म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, ह्याला तुम्ही आठ द्याल, पण हाच मुलगा दुसऱ्या परीक्षकाकडे गेला असता तर? आणि ज्यांनीं सहाहि मुद्दे लिहिले त्यांस काय सांगाल?”

त्यांचें म्हणणें खोडून काढणें आम्हांस तेव्हां जमलें नाहीं व आजहि जमलेलें नाहीं. आम्हीं त्या उत्तरास दहांपैकीं चार गुण दिले आणि गठ्ठा बांधून परत पाठविला.