खेळ मांडणाऱ्याचे उत्तरदायित्व

खेळणे हे मुलांचे काम आणि शिकविणे हे शाळेचे, अशी वाटणी आपण पालकांनी मनोमन करून ठेवलेली असते. त्यामुळे संगणकापुढे बसलेले आपले मूल खेळ खेळत नसून स्वतः एखादा खेळ रचीत आहे, असे कळले तरी आपले समाधान होत नाही. शेवटी खेळच तो, असे म्हणून आपण त्यास पुस्तकाकडे वळवितो. परंतु खेळणे आणि खेळ मांडणे यांतील अंतर केवळ कौशल्याचे नाही, ते नैतिकही आहे, असे आम्हांला वाटते.

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली ‘गेम बॉय’ हे हातात मावणारे खेळयंत्र बाजारात आणले. पडद्यावर आडवे १६० आणि उभे १४४ ठिपके, रंगाच्या अवघ्या चार छटा आणि काम करण्यापुरती ८ किलोबाइट स्मृती, एवढाच त्याचा संसार. आज त्याची हुबेहूब नक्कल करणारे मोफत प्रोग्रॅम साध्या संगणकावर चालतात. म्हणून साताऱ्याच्या वा सांगलीच्या मुलासही ते यंत्र विकत न घेता त्यासाठी खेळ रचता येतो आणि रचता रचता प्रोग्रॅमिंग शिकता येते. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर उधळपट्टी परवडत नाही. काय ठेवावे आणि काय सोडावे, याचा निर्णय पदोपदी घ्यावा लागतो.

या यंत्रात एका घरात ० ते २५५ एवढेच अंक मावतात. समजा, नायकाची शक्ती त्या घरात मांडली आहे. ती शून्यावर आली असता त्याला आणखी एक घाव बसला आणि वजाबाकीपूर्वी तपासणी करावयाची राहिली असेल, तर उत्तर उणे एक येत नाही, २५५ येते! मरावयाचा तो नायक पुन्हा धडधाकट उभा राहतो. यंत्राने लबाडी केलेली नसते. आपण जे सांगितले ते त्याने केले. आपल्या मनात काय होते, हे त्यास ठाऊक नसते. येथे दोष ढकलावयास कोणी शेजारी नाही आणि रागवावयास गुरुजीही नाहीत. मुलाला आपलेच शब्द पुन्हा वाचावे लागतात आणि चूक हुडकून ती निस्तरावी लागते. सत्याशी असा रोखठोक व्यवहार फार थोड्या विषयांत घडतो.

हाताने घडवीत शिकण्याची ही रीत आपल्या मातीला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या मंत्रात श्रम हा शिक्षणाचाच भाग होता. फावड्याच्या जागी कळफलक आला म्हणून ते तत्त्व बदलत नाही.

येथवर प्रश्न मुलाचा आणि यंत्राचा होता. खेळ पुरा होऊन दुसऱ्याच्या हाती गेला की खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवरा’चा खेळ उभा करणारे विष्णुदास भावे कळसूत्री बाहुल्याही घडवीत. नाटकाच्या प्रयोगास आपण ‘खेळ’ म्हणतो आणि तो चालविणाऱ्यास ‘सूत्रधार’. बाहुलीची सूत्रे सूत्रधाराच्या हाती असतात. समोरचा प्रेक्षक मात्र मोकळा असतो, कंटाळला तर उठून जातो. आज मोबाइलवरील कित्येक खेळांत ही सूत्रे खेळणाऱ्याच्याच बोटांना बांधलेली दिसतात. थोडे जिंकवावे, थोडे हरवावे, ऐन रंगात पैसे मागावेत आणि उठू देऊ नये, असा त्यांचा बेत असतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने २०२५ साली केला, हे योग्यच झाले. परंतु माणसाचा वेळ लुबाडणाऱ्या प्रत्येक युक्तीला कायदा कोठवर पुरणार? तेथे रचणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धीच जागी असावी लागते.

संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला थकल्या मनाची विश्रांती मानले आणि त्यातही प्रमाण सांभाळावे, असे सांगितले. विश्रांती देणे हे दान आहे. विश्रांतीच्या नावाखाली माणसाला जखडणे ही फसवणूक आहे. लहानसा खेळ रचणारे मूलही या दोहोंमधून एकाची निवड करीत असते.

म्हणून पालकांनो, मुलाच्या हातून संगणक काढून घेण्यापूर्वी त्याचा खेळ एकदा खेळून पाहा आणि त्यास तीन प्रश्न विचारा. हरणाऱ्याला आपण का हरलो, हे कळेल काय? जे नियम तू इतरांना घातलेस, ते तू स्वतः पाळशील काय? आणि ज्याला थांबावेसे वाटेल, त्याला तू सुखाने थांबू देशील काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलेले मूल खेळात वेळ दवडीत नाही. दुसऱ्याच्या वेळेचा मान राखावयास ते शिकत असते.