ओटलो आणि मैदान

गावाकडून आलेल्या एखाद्याचे बरे चालले आहे, हे सांगताना आमच्या शेजारच्या मासी 'रोटलो ने ओटलो मळी गयो' म्हणतात. भाकरी आणि निवारा. पण ओटलो म्हणजे काही घर नव्हे, ओटा. घराचा निम्मा रस्त्यावर आलेला भाग. निवाऱ्याला नाव देताना गुजरातीने छप्पर निवडले नाही, उंबऱ्याबाहेरची बसायची जागा निवडली. इतकी वर्षे सुरतेत राहून हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शहरातल्या मैदानांच्या जागी गरिबांसाठी घरे बांधावीत का, यावरून एका मित्राशी तावातावाने भांडलो, तेव्हा आले.

मित्राचे म्हणणे सरळ होते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्यापुढे हिरवळीचे कौतुक करणे म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. हा टोला मला लागला. मी तीन खोल्यांत राहतो आणि सकाळी बागेत फिरतो. शिवाय गरिबाला शहराच्या टोकाला घर दिले की काम दूर राहते. तापीकाठच्या कित्येक कुटुंबांना कोसाडला घरे मिळाली. छप्पर आले, रोजचे जाणे-येणे लांबले.

पण मैदान कोणाचे, हे लिंबायत किंवा उधना भागात जाऊन पाहावे. खानदेशातून आलेली आपली माणसे इथे लूमवर बारा बारा तास उभी असतात. रात्रपाळीवाला परतला की दिवसपाळीवाल्याने अंथरूण सोडायचे, अशाही खोल्या या शहरात आहेत. अशा ठिकाणी पोरांनी खेळावे कुठे, म्हाताऱ्याने दुपार काढावी कुठे? त्यांच्या लेखी मैदान ही करमणूक नाही. ती न मिळालेली दुसरी खोली आहे. तीच काढून घेऊन दुसऱ्या गरिबाला द्यायची, याला दान कसे म्हणावे?

गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात, आजच्या रूपात, योजनेतली पाच टक्के जमीन बागा-मैदानांसाठी, दहा टक्क्यांपर्यंत दुर्बलांच्या घरांसाठी आणि पंधरा टक्के विक्रीसाठी ठेवण्याची सोय आहे. आकडे परिस्थितीप्रमाणे बदलता येतात. गंमत अशी, की आमच्या भांडणात दोघांचीही नजर त्या पाचावरच खिळली होती. पंधराचे नाव कोणी काढले नाही.

मुंबईत प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे बागांसाठी राखलेल्या भूखंडांवर माणसे आधीच राहत आहेत. अशा भूखंडाचा किमान ३५ टक्के भाग मोकळा ठेवून उरलेल्यावर झोपडपट्टीवासीयांचे पुनर्वसन करू देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये कायम ठेवला. तिथे मी न्यायालयाच्या बाजूचा आहे. वर्षानुवर्षे चुली पेटलेली जागा केवळ नकाशात हिरवी आहे म्हणून बाग होत नाही. रिकाम्या मैदानाबाबत मात्र ही सबब चालत नाही. तिथे चूक अजून व्हायची असते.

मित्राला हे पटलेले नाही. परवा सकाळी बागेत रात्रपाळीहून आलेला एक तरुण बाकावर आडवा झाला होता. केसांत धाग्याचे तुकडे अडकलेले. रखवालदाराने काठीने बाक ठोकून त्याला उठवले. झोपायला मनाई आहे. तो निमूटपणे चालू लागला. मी त्याच बाकावर टेकलो, बुटातला खडा काढला आणि उरलेली फेरी पूर्ण केली. मित्राला अजून हे सांगितलेले नाही.