घरगुती भट्टी आणि सदसद्विवेक

माणसाने स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी, कोणालाही न विकता जे बनविले, त्याला नीती-अनीतीचा प्रश्न लावता येतो काय? काही वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये आमच्याच धर्मग्रामातून तिकडे स्थायिक झालेल्या एका तरुणाच्या घरी उतरलो असता हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. गाडी ठेवण्याच्या खोलीत त्याने मद्य गाळण्याचे एक यंत्र मांडले होते. त्या देशात १९९६ पासून कायद्याने स्वतःपुरते मद्य घरी गाळण्यास मुभा आहे. म्हणून लपवाछपवी नव्हती. उलट तो मोठ्या अभिमानाने आम्हांला सारे दाखवीत होता.

आपल्याकडे गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवितात. पहिल्या धारेचा उर्राक, पुन्हा गाळल्यावर फेणी. साध्या भट्टीत वाफ वर जाते, नळीतून उतरते आणि थंड होऊन बाहेर पडते. फळाचा वास, चव, सारे तिच्याबरोबर येते. या तरुणाचे यंत्र मात्र ‘रिफ्लक्स’ जातीचे होते. भांड्यावर माणसाच्या छातीइतका उंच नळ उभा, त्यात तांब्याची जाळी ठासून भरलेली आणि माथ्यावर थंड पाण्याचे वेटोळे. वर चढलेली वाफ तेथे निवते व थेंबाथेंबाने त्याच नळातून खाली परतते. उतरणारे थेंब आणि चढणारी वाफ यांची जाळीत पुनःपुन्हा गाठ पडते. पाणी शंभर अंशांवर उकळते, मद्यार्क सुमारे ७८ अंशांवर. प्रत्येक गाठीत पाण्याचा अंश खाली राहतो आणि मद्यार्क वर सरकतो. अशा रीतीने एकाच खेपेत नव्वद टक्क्यांहून तीव्र मद्यार्क मिळू शकतो.

यंत्र चालविणाऱ्याची खरी कसोटी धीराची असते. आरंभी काही वेळ तोटी बंद ठेवून एक थेंबही काढायचा नाही. वर गेलेले सारे खाली परतू द्यायचे. तापमापकाचा पारा स्थिर झाला की मग सावकाश काढायला लागायचे. प्रथम येणारा उग्र वासाचा भाग वेगळा काढून टाकायचा, मधला ठेवायचा, शेवटचा कुबट भाग पुन्हा बाजूला करायचा. घाई करून तोटी अधिक उघडली तर नळातला तोल बिघडतो, पारा चढतो आणि पाणी व कुबटपणा दोन्ही मधल्या भागात उतरतात.

“काका, बाजारातल्यापेक्षा शुद्ध!” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याची पत्नी दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, “पूर्वी शनिवारी बाटली आणावी लागे. आता ती संपतच नाही.”

त्या दोन वाक्यांमध्ये सारा प्रश्न सामावलेला आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम कायद्याचा विचार करू. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य गाळणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. ‘आम्ही कोणाचे काय बिघडवतो?’ हा युक्तिवाद आपल्या वाड्यांमधून नेहमी ऐकू येतो. संत थॉमस अक्वायनस यांनी कायद्याची व्याख्या करताना त्याचा संबंध सर्वांच्या हिताशी जोडला आहे. असा कायदा पोलिसाच्या भीतीने नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीने पाळायचा असतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ते मिथेनॉलचे विष होते. येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही पहिली धार फेकून देतो, आमच्या दारूत विष कुठले?’ परंतु फळांच्या आंबवणात थोडे मिथेनॉल मुळातच तयार होते, आणि ते केवळ पहिल्या धारेतच येते असे नाही. ते पुढेही थोडेथोडे उतरत राहते. आणि मिथेनॉल मिसळलेली दारू नाकाने वा जिभेने ओळखता येत नाही. गाळणाऱ्याचा आत्मविश्वास हा पिणाऱ्याच्या जिवाचा जामीन होऊ शकत नाही.

परंतु जेथे कायदा मुभा देतो, तेथे काय? मद्य हे मुळातच पाप आहे असे ख्रिस्तसभेने कधी शिकविलेले नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. संत योहानाने तो त्याचे पहिले चिन्ह म्हणून नोंदविला आहे. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात मठवासीयांना रोजचा मोजका द्राक्षारस दिला. तो त्यांना पूर्णपणे सोडायला लावणे कठीण, हेही त्याने प्रांजळपणे मान्य केले. निर्मिती चांगली आहे. प्रश्न आहे तो मापाचा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानेही अन्न, मद्य, तंबाखू आणि औषध यांच्या अतिरेकाचा विचार संयम या सद्गुणाखालीच केला आहे.

आता त्या तरुणाचे माप पाहू. दहा टक्के मद्यार्क असलेल्या २५ लिटर आंबवणात अडीच लिटर मद्यार्क असतो. त्यातला दोन लिटर हाती आला आणि पाणी घालून चाळीस टक्क्यांवर आणला, तरी पाच लिटर दारू होते. हे एका दिवसाचे काम आणि खर्च थोडासा साखरेचा. ज्याला बाटलीसाठी दुकानापर्यंत जावे लागते, त्याच्या वाटेवर पैसा, अंतर, लोकलज्जा असे तीन पहारेकरी उभे असतात. घरच्या भट्टीने तिन्ही एकदम निघून जातात. शिवाय रिफ्लक्सचे मद्य इतके निर्मळ असते की त्यात फळाचा गंध उरत नाही. सरबतात मिसळले तर किती प्यालो ते जिभेलाही समजत नाही. मग पहारा करायचा तो केवळ माणसाच्या अंतःकरणाने. ते पहाऱ्याला समर्थ आहे की नाही, हे यंत्र मांडण्याआधी स्वतःला विचारायला नको काय?

फ्रान्समधील कार्थुसियन मठवासी आपले प्रसिद्ध हिरवे मद्य शेकडो वर्षे बनवीत आले आहेत. त्याची मागणी जगभर वाढत असताना, आपण उत्पादन वाढविणार नाही, ते मर्यादेतच ठेवू, असे त्यांनी २०२३ साली जाहीर केले; कारण त्यांना प्रार्थनेचे आणि एकांताचे जीवन सांभाळायचे होते. त्यांनी मद्याला वाईट म्हटले नाही. आपण मठवासी कशासाठी झालो, ते त्यांनी आठवले, इतकेच. कुटुंबवत्सल माणसानेही आपण पती आणि पिता कशासाठी झालो, ते आठवले तर भट्टीचे माप आपोआप ठरेल.

यावर, ‘मी कोणाला प्यायची सक्ती करीत नाही’, असे उत्तर येईल. परंतु शेजाऱ्याला मद्य पाजून बेभान करणाऱ्याला हबक्कूक संदेष्ट्याने दोष दिला आहे. त्याने पेला हाती देणाऱ्याकडेही बोट दाखविले. आपल्या लग्नमांडवांत आणि नामकरणाच्या जेवणांत आग्रहाचा पेला पुढे करणारे हात आपलेच असतात. कोपऱ्यात उभे राहून पाहणारी मुलेही आपलीच. भट्टीवर धार तपासणारा बाप त्यांना रसायनशास्त्र शिकवितो खरे. पण ‘पुरे’ हा शब्द त्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकला आहे काय?

आम्ही त्या तरुणाला उपदेश केला नाही. पाहुण्याला तो अधिकार नसतो. निघताना एवढेच विचारले, “तोटी किती वेळ बंद ठेवतोस?” “पारा स्थिर होईपर्यंत,” तो म्हणाला. “मग घरच्यांशी बोलतानाही तेवढा वेळ दे,” असे आम्ही म्हणालो, आणि तो क्षणभर पत्नीकडे पाहून गप्प झाला.

त्या वर्षीच्या नाताळात त्याचे पत्र आले. यंत्र मोडले नव्हते. पण वर्षातून दोनदाच, नाताळ आणि पास्काच्या आधी, ते चालवायचे आणि बाटल्यांच्या कपाटाची किल्ली पत्नीकडे ठेवायची, असे दोघांनी मिळून ठरविले होते. हा निर्णय पुरेसा आहे की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. त्याचे उत्तर त्या घरातल्या शनिवारच्या संध्याकाळी देतील.